अकरा खोल्या आणि सात लाल पुठ्ठे

आकुर्डीला संसार मांडला तेव्हा मला सगळ्यात जास्त अप्रूप कशाचं वाटलं असेल, तर तोटीचं. आमच्याकडे तळकोकणात पाणी म्हणजे विहीर, रहाट आणि कमरेवरची कळशी. इथे मालकांच्या आवारात एका पाइपाला चार तोट्या होत्या. मालक सकाळ-संध्याकाळ विहिरीवरचा पंप चालू करायचे, सिमेंटची टाकी भरायची आणि आपण नुसती तोटी फिरवायची. पहिले आठ दिवस मी काही काम नसतानाही जाऊन फिरवून बघत असे. शेजारच्या खोलीतल्या वहिनी म्हणाल्या, "अगं, पाणी काही पळून जात नाही."

दीड वर्षाने ते पळालंच. त्याचीच ही हकिगत.

सत्तरीचं दशक निम्मं सरलं होतं. आमची चाळ म्हणजे पत्र्याच्या अकरा खोल्यांची एक रांग. समोर मालकांचं घर, त्याला लागून गोठा, मागे दोन संडास. मालक मूळचे गावातले शेतकरी. त्यांची बरीचशी जमीन कारखान्यांत गेली होती, उरली त्यातल्या रस्त्याकडेच्या तुकड्यावर त्यांनी या खोल्या बांधल्या. मालकीणबाईंना आम्ही सगळे मामी म्हणायचो. मामी म्हणत, "जिमीन गेली आन तुमी आलात." यात राग किती आणि लोभ किती, ते शेवटपर्यंत कळलं नाही. भाड्यात दोन वेळचं पाणी होतं, पडवीत एक दिवा, संडासाशी एक दिवा, रोज झाडणारा माणूस आणि दर गुरुवारी टाकी धुणं. मला तर हे संस्थानच वाटे.

मी सहावी पास. सातवीची शाळा खाडीपलीकडे, रोज होडीने जावं लागे, आणि घरी माझ्या पाठची तीन भावंडं. शाळा सुटली, अक्षर मात्र हाताला राहिलं. मास्तर रोज फळ्यावरचा सुविचार माझ्याकडून लिहून घेत. लग्न होऊन इतक्या लांब आले तेव्हा बरोबर आणण्यासारखी तेवढीच एक गोष्ट होती. बाकी मी भित्री. कारखान्याच्या भोंग्याला भ्यायची, मालकांच्या म्हशीला भ्यायची, बोलता बोलता मालवणी शब्द निसटेल नि कुणी हसेल म्हणून भ्यायची. आणि कुणी वाटीभर ताक दिलं तरी ते कसं फेडायचं, याची काळजी करत बसायची.

मामींनी तर ताकाच्या कळशा दिल्या होत्या. मला दिवस गेले, काही पोटात ठरेना, तेव्हा रोज दुपारी त्या मला आपल्या चुलीपाशी बसवून लोणच्याच्या खाराशी भाकरी भरवायच्या. मग गावाहून पत्र आलं: आई पाय घसरून पडली, हाड मोडलं, आणि थोरल्या भावाच्या बायकोचेही दिवस माझ्याच महिन्यात भरायचे. म्हणजे पहिलं बाळंतपण माहेरी, ही गोष्ट मिटली. मी धुण्याच्या दगडावर बसून रडत होते. मामी शेणाची पाटी घेऊन चालल्या होत्या, त्या थांबल्या.

"रडतीस कशापायी? हितंच बाळंत व्हय की."

"इथे माझं कोण आहे, मामी?"

"मी काय गोठ्यातली हाय? माझ्या हातनं नऊ बाळंतपणं झाल्यात. म्हशींची येगळी."

त्या दिवसापासून मला झोप लागायला लागली.

दिवाळी झाली आणि चाळीचं पाणी उतरायला लागलं. आधी संध्याकाळचा पंप बंद झाला. मग सकाळचाही अर्ध्यावर थांबायला लागला. संडासाजवळचा दिवा गेला तो गेलाच, दुसरा कुणी लावेना. मग पडवीतलाही गेला. झाडणारा माणूस रोजचा आठवड्यातून दोनदा यायला लागला. गटार तुंबलं. एका संडासाचं दार बिजागरीतून सुटलं, ते आतल्या माणसाने हाताने धरून ठेवायचं. एक तोटी गळायला लागली, आणि टाकी धुणं तर सगळे विसरूनच गेले.

तक्रारी झाल्या नाहीत असं नाही. पण अकरा खोल्यांतले पुरुष तीन शिफ्टला विभागलेले. पहिल्या शिफ्टचा माणूस दुपारी येऊन सांगे, मालक म्हणत, "बघू." दुसऱ्या शिफ्टचा सकाळी सांगे, मालक म्हणत, "कालच एकानं सांगितलं. बघू म्हनलो न्हवं." तिसऱ्या शिफ्टचा झोपेतून उठून चिडून सांगे, त्याला म्हणत, "आधी तोंड धुवून या." दहा नंबरचे भाऊजी मराठवाड्याकडचे. ते एकदा वैतागून म्हणाले, "राव, आपण एका चाळीत ऱ्हातो का तीन चाळींत?"

बायका मामींना सांगत. मामी नजर चुकवून म्हणत, "त्यास्नी इचारा." मी मात्र रोज त्यांच्या चुलीपाशी बसत असूनही चकार शब्द काढला नाही. सातवा सरला होता. ज्या हातांवर माझं बाळंतपण टाकलं होतं, त्या हातांना मी कुठल्या तोंडाने म्हणू, की तुमची तोटी गळते?

सगळे एकत्र सापडायचे ते फक्त गुरुवारी. आमच्या भागात कारखान्यांना गुरुवारची सुट्टी. अशाच एका गुरुवारी मालक आणि मामी पुनावळ्याला भाचीच्या लग्नाला गेले, ते दुसऱ्या दिवशी येणार होते. आवार रिकामं मिळालं आणि तोट्यांपाशी सभा भरली. चार नंबरचे भाऊजी एका कारखान्यात फिटर होते, मेंटेनन्स खात्यात. आपल्या खात्यावाचून जग बंद पडेल असं त्यांचं ठाम मत होतं.

"कंपनीत मशिन बंद पडलं तर ऑपरेटर काय करतो?" त्यांनी विचारलं. "साहेबाच्या मागे मागे फिरतो? नाही. मशिनला लाल कार्ड लटकवतो. नंबर, काय बंद, तारीख. संपलं. शिफ्ट बदलली, माणूस बदलला, तरी कार्ड बोलत राहतं. काम झाल्याशिवाय निघत नाही."

"पण भाऊ, मालकाला वाचता येत नाही, कळंल का?" दहा नंबरच्या भाऊजींनी शंका काढली.

"लाल दिसलं की कुणालाही कळतं."

कल्पना सगळ्यांना पसंत पडली. अर्ज नको, सह्या नकोत, कुणी पुढे होऊन बोलायला नको. शिवाय कारखान्यात रोज जे करतो तेच घरी करायचं, त्यामुळे सगळ्यांना एकदम हुशारी आली. मग लिहिणार कोण, हा प्रश्न आला आणि अकराच्या अकरा घरं माझ्याकडे बघायला लागली.

"माझं नाव..." मी म्हणाले.

"कार्डावर नाव नसतं वहिनी. नुसता नंबर."

खोलीत आल्यावर आमचे हे हळूच म्हणाले, "तुला नको असेल तर सांगतो मी, हाताला लागलंय म्हणून." ते माझ्यासाठी खोटं बोलायला तयार झाले याचंच मला भरून आलं. पण महिनाभर याच बायका माझ्या बादल्या भरून देत होत्या, मला वाकू देत नव्हत्या. त्यांना काय सांगू? ताक एका घरचं, बादल्या दहा घरच्या. अशा वेळी भित्रं माणूस काय करतं, तर जो समोर उभा असतो त्याचं ऐकतं.

साबणाच्या खोक्यांचे पुठ्ठे कापले. कुणाचा तरी सायकल रंगवून उरलेला लाल ऑइलपेंट होता, तो दिला. वाळल्यावर काडीला कापूस गुंडाळून मी पांढऱ्या रंगाने लिहायला बसले. क्र. १, पंप, बंद. क्र. २, टाकी. असे सात. एकदा लिहायला बसले की मला भीती विसरायला होते, हा माझा जुना दोष. सुविचार लिहायचे तशी शिरोरेघ ताणून, आकड्यांना वळण देऊन लिहिलं. फिटर भाऊजी लांब धरून बघत म्हणाले, "वहिनी, एकदम सरकारी काम झालंय."

मला ती शाबासकी वाटली.

शुक्रवारी सकाळी मालक लग्नाहून आले. मी दाराच्या फटीतून बघत होते. ते पंप चालू करायला विहिरीकडे गेले आणि पुठ्ठ्यासमोर उभे राहिले. त्याला हात लावला नाही. मग टाकीकडे गेले, मग तोटीकडे, असे सातही ठिकाणी जाऊन आले. परत विहिरीशी आले, काठावर बसले आणि टोपी काढून मांडीवर ठेवली. थोड्या वेळाने घरात जाऊन स्वच्छ धोतर नेसून सायकलवर कुठेतरी निघून गेले. म्हशीचं दूधही काढलं नव्हतं.

"बघा, निघाला वायरमनला आणायला," फिटर भाऊजी म्हणाले.

वायरमन आला नाही. मालक संध्याकाळी एकटेच आले, कुणाशी बोलले नाहीत. एवढंच म्हणाले, "पंपाला कुनी हात लावू नगा." म्हणजे सकाळचं जे काय अर्धमुर्धं पाणी येत होतं, तेही गेलं. शनिवारी सगळ्या बायका हंडे घेऊन पलीकडच्या मळ्यातल्या विहिरीवर. शेजारच्या वहिनी डोक्यावरचा हंडा सावरत विचारत होत्या, "ही कार्डाची अक्कल निघाली कुणाच्या डोक्यातून?" फिटर भाऊजी कंपनीत लवकर गेले होते. ओव्हरटाइम होता म्हणे.

त्याच दुपारी मामी माझ्या खोलीत आल्या. एरवी मी त्यांच्याकडे जायची, त्या कधी आल्या नव्हत्या. हातात वाण्याकडून आणलेला फुलस्केप कागद होता. डोळे सुजलेले.

"एक अर्ज लिवून दे," त्या म्हणाल्या. "तुझं अक्षार सायबाला कळंल."

मी पेन घेतलं. त्या खाली बसल्या आणि सांगायला लागल्या, "लिव. सायेब, आमची पयली जिमीन कारखान्याला गेली, आमी काय बोललो न्हाई. दुसरी बी मोजून न्हेली, तवाबी आमी काय बोललो न्हाई. आता हे घर तेवढं ठिवा."

तिथवर लिहून मी थांबले. "मामी, घराला काय झालं?"

"तू बघितलं न्हाईस? आमी लग्नाला गेलो आन मोजनीवाले येऊन गेले. हिरीला, टाकीला, संडासालाबी लाल नंबर मारून गेल्यात. शिवारात असंच मारलं हुतं की, बांधावरच्या दगडांवर, झाडांवर. ज्याच्यावर नंबर पडला त्यातलं काय ऱ्हायलं?" त्यांनी पदराने नाक पुसलं. "दिवाळीपास्नं ऐकतोय, नवी वसाहत हुनार, ह्यो पट्टा जानार म्हून. धनी म्हनले, पाडायच्या घराला दिवा कशाला लावायचा. तुमास्नी सांगितलं न्हाई, समदे खोल्या सोडून जाल म्हून. काल तलाठ्याकडं जाऊन आले, तो फिरतीवर. दोन दिस झालं, अन्नाचा घास न्हाई पोटात."

कागदावर माझीच शिरोरेघ होती, आणि समोरच्या टाकीवर लटकणाऱ्या पुठ्ठ्यावरही माझीच. खरं सांगायचं तर मला आधी मालक आठवले नाहीत. आधी माझं बाळंतपण आठवलं. अर्ज गुपचूप लिहून दिला तर सोमवारी तलाठी सांगेल की असं काही नाही, पुठ्ठ्यांचं काय ते पुरुष निस्तरतील, नाव तर कुणाचंच नाही. एवढा हिशेब माझ्या सहावी पास डोक्याने एका क्षणात केला. मग मामींनी विचारलं, "लिवलंस? वाच बगू." आणि माझ्याच्याने वाचवेना.

"मामी, ते नंबर माझ्या हातचे आहेत."

त्यांना कळलंच नाही. मी बोट पुढे केलं. नखाच्या कडेला पांढरा रंग अजून होता.

"तू?"

"सगळ्यांनी मिळून केलं. कंपनीत असं कार्ड लावतात, मशिन बंद पडलं की. तोटी गळते, दिवा नाही, दार निसटलंय, ते कळावं म्हणून."

मामींनी तो रंग नखाने खरवडून बघितला. मग कागद उचलला, चौघडी केली आणि म्हणाल्या, "रोज माझ्या चुलीपाशी बसतीस. तोंडानं सांगायला काय झालं हुतं?" उत्तराला थांबल्या नाहीत.

थोड्या वेळाने समोरच्या घरातून मालकांचा आवाज आला. आधी मला वाटलं ओरडतायत. पण ते हसत होते. माणूस दोन दिवसांच्या उपासावर इतका हसू शकतो हे मला माहीत नव्हतं. तिसऱ्या शिफ्टचे झोपलेले लोक बनियनवर बाहेर आले. मालक तीन नंबरचा पुठ्ठा हातात घेऊन अंगणात उभे होते.

"तोटी? तोटी गळतीया म्हनून? अरं लेकांनो, तोंडं शिवली हुती का तुमची?"

दहा नंबरचे भाऊजी डोळे चोळत म्हणाले, "मालक, चार महिने तोंडानंच सांगत होतो. तुम्ही बघू म्हणत होता."

"मग? बघतच हुतो की."

आणि तिथेच सगळ्यांना काय ते सांगून टाकलं. मोजणीची बातमी, तलाठी, दोन दिवसांचा उपास, सगळं. "घर जाईल तवा जाईल," ते म्हणाले. "तवर पानी पिऊ." मग पोटभर जेवले आणि पाना घेऊन स्वतः तोटीचा वायसर बदलायला बसले. संध्याकाळी पंप इतका चालला की टाकी वाहून गोठ्यात पाणी शिरलं. रविवारी झाडणारा आला, दिवे आले, दार बसलं. फिटर भाऊजींनी पंप फुकट उघडून साफ करून दिला. त्यांना द्यावंच लागलं, बायका मागे उभ्या होत्या.

चाळ जिंकली. माझं मात्र अवघड झालं. मामी माझ्याशी बोलेनात. अंगणात समोरासमोर आलो की त्या म्हशीशी बोलायच्या. "तूच बरी गं बाय. पोटात येक आन व्हटात येक, असं न्हाई तुझं." म्हैस माझ्याकडे बघायची. तीन आठवडे असेच गेले. आईला मी पत्रात लिहिलं, मामी सगळं बघतात, काळजी करू नको. यांनी आपल्या कोल्हापूरच्या मावशींना बोलावलं, तर त्यांनाच ताप आलेला. शेजारच्या वहिनींनी आधीच सांगून ठेवलं होतं, "मी काहीही करीन, पण रक्त बघितलं की मला घेरी येते." रोज ठरवायची, आज जाऊन पाय धरायचे. रोज दारापर्यंत जायची आणि तोटीवरच्या बायका बघून परत फिरायची.

कळा सुरू झाल्या त्या दिवशी हे पहिल्या शिफ्टला. सकाळपासून मी दात आवळून भांडी घासली, भात टाकला. दुपारी भिंत धरून उभी असताना शेजारच्या वहिनींनी बघितलं आणि म्हणाल्या, "मामींना बोलावते."

"नको."

"नको कसं? मी आडवी पडले तर दोघींना कोण बघेल?" आणि गेल्याच.

मामी शेणाने भरलेल्या हातांनी आल्या. दारातच उभ्या राहून मला वरपासून खालपर्यंत बघितलं.

"कवापास्नं?"

"सकाळपासून."

"सकाळपास्नं, आन आता सांगतीस? तुझं समदं आमाला उशिराच कळायचं व्हय गं?" मग वळून वहिनींना म्हणाल्या, "तू उभी काय? टांगा बघ. मी हात धुवून आले."

चिंचवडला एक छोटं खाजगी प्रसूतिगृह होतं, मामींचा अबोला बघून यांनी तिथे नाव घालून ठेवलं होतं. टांग्यात मामींनी माझं डोकं खांद्यावर घेतलं होतं, पण तोंड बाहेर रस्त्याकडे. मी म्हणाले, "मामी, माझं चुकलं." त्या म्हणाल्या, "आता त्ये बोलू नगं. श्वास घे."

खाटेवर घेतल्यावर मामींनी आयाकडे गरम पाणी मागितलं. आया म्हणाली, गरम पाणी सकाळीच मिळतं, आता बंब थंड झाला.

"सकाळी? पोर काय घड्याळ बघून येतंय?"

"आमच्याकडे असंच आहे बाई."

मामींनी इकडेतिकडे बघितलं. दाराशी एक पाटी होती. माझ्याकडे वळून म्हणाल्या, "काय लिवलंय गं तितं? वाच." मी म्हटलं, मला नाही जमत आता. "जमतंय. कळ गेली की वाच. मोठ्यानं वाच, तिला ऐकू जाऊ दे."

कळ ओसरली तशी मी वाचलं. रुग्णांसाठी चोवीस तास गरम पाण्याची सोय. 'सोय'पर्यंत पोचता पोचता दुसरी कळ आली आणि ते मी जवळजवळ किंचाळलेच.

"ऐकलंस?" मामी आयाला म्हणाल्या. "आता ज्याची ही पाटी हाय त्याला जाऊन तोंडानं सांगू, का तू बंब पेटवतीस?"

आया कुरकुरत निघाली, दाराशी थांबून म्हणाली, "तुम्ही यांच्या कोण? सासू?"

"घरमालकीन."

"मग तुम्हाला एवढं काय पडलंय?"

"भाडेकरू माझी हाय," मामी म्हणाल्या. "तिला काय कमी पडलं तर बोल मला लागतो. जा, दोन बादल्या आन."

दोन बादल्या आल्या. मामींनी कोपर बुडवून बघितलं, एक परत पाठवली, कोमट आहे म्हणून. दिवेलागणीच्या आधी मला मुलगी झाली. तिसऱ्या बादलीतल्या पाण्याने मामींनी तिला पुसून काढली, माझ्या कुशीत ठेवली आणि पदर खोचून म्हणाल्या, "सव्वा म्हैना रोज सकाळी मी येनार, तेल-पानी घालायला. आतापास्नं सांगते, माझा हात जड हाय. दुखलं तर वराड, आतल्या आत गिळू नगं."

दुसऱ्या दिवशीपासून सव्वा महिना मी मनसोक्त ओरडले.